मामाच्या कडेवर का पायानं

१४ जानेवारी २००१, संक्रांत

आधी सगळ्यांची खुशाली. पत्र लिहिताना ती आधी विचारायची सवय, मंग वहीनं काय घोडं मारलंय? काकासाहेब, माझा लेक, गव्हाला पाणी देऊ देऊ कंबर धरून बसलाय. शेकते म्हटलं तर म्हणतो, मी काय म्हातारा हाय का. सून नंदाबाई, तिचा खोकला हटत नाही. अडुळशाचा काढा देते तर अर्धा तुळशीत ओतते – मी पाहिलंय. नात रजनी ठणठणीत, फक्त डोळे लाल. मार्चात दहावीची परीक्षा. माझे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे.

आणि कडूबा भावजी. माझे धाकटे दीर, मधल्या भिंतीपलीकडं राहतात. तीळगूळ घेऊन आले. तब्येत विचारली तर म्हणाले, बिलकुल बरी. आणि तीळगुळासोबत एक स्थळ ठेवून गेले. वडीगोद्रीचं. रोडवर पाइप-मोटारीचं दुकान, बागायत जमीन, एकुलता एक मुलगा. परीक्षा झाली की लगेच मांडव.

रजनी सोळाची आहे!

मी म्हटलं, भावजी, दोन-तीन वर्षं तरी थांबू. तर म्हणाले, "वहिनी, आपल्या घराण्यात सोळाच्या पुढं पोर घरात ठेवली न्हाई कोणी. सात पिढ्यांची रीत हाय."

काकासाहेब तीळगूळ चघळत राहिला. एवढा का तो चिवट होता!

१५ जानेवारी

सात पिढ्या! भांडी घासताना, दळण निवडताना, डोक्यात तेच. यांना स्वतःच्या पणजीचं नाव सांगता येत नाही, आणि सात पिढ्यांच्या पोरींची वयं मात्र पाठ.

१८ जानेवारी

कायद्याचं बोलून पाहिलं. अठराच्या आत गुन्हा आहे, मी पेपरात वाचलंय. भावजी हसले. म्हणाले, या उन्हाळ्यात तुम्हाला असले दहा मांडव दाखवतो, पत्रावळीवर बसलेला माणूस जन्मतारीख विचारतो का.

काकासाहेबाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, दादा, म्हणजे त्याचे वडील, गेले तेव्हा काकानंच आपलं औत हाकलं, त्यांच्या शब्दाबाहेर कसं जाऊ. खरं आहे. औत हाकलं. मी विसरले नाही, मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या औताला माझी नात जुंपू देणार नाही.

रजनी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिला अकरावीला भोकरदनला जायचंय. सायन्स घ्यायचंय. मला हळूच म्हणाली, "आजी, मला कोणी इचारणार हाय का?"

मी म्हटलं, मी विचारतेय. तुला आणि सगळ्यांना.

ठरवलं! रीत रीत करतात ना – बघूच ती किती जुनी आहे.

२२ जानेवारी

दिवाळीनंतर घराण्याचा भाट वंशावळ वाचून गेला होता, ते सगळं आठवून पाहिलं. अमक्याचा पुंजाराम, पुंजारामाचा तमका, तमक्याचे तिघे. सगळे गडी! जणू बाभळीला लागले होते. एका बाईचं नाव नाही, मंग वय कुठलं.

म्हणजे बायांनाच विचारणं आलं. पण बायांना वय विचारणं म्हणजे आणखी कठीण काम. भावकीतल्या एका म्हातारीला विचारलं, लग्नात किती वर्षांची होतीस? तर म्हणाली, आमची तांबडी गाय दुसऱ्यांदा व्याली तेव्हाची. आता त्या गाईला कुठं शोधू?

विचार करू करू एक युक्ती सुचली. आपल्याकडं नवरी लहान असली की मामा तिला कडेवर घेऊन मांडवात आणायचा. मोठी असली की ती पायानं यायची, मामा मागं. बाई सगळं विसरेल, सासऱ्याचं नाव विसरेल, पण हे विसरणार नाही. म्हणून आता एकच सवाल – मामाच्या कडेवर, का पायानं?

माझं उत्तर आधी लिहिते. कडेवर. रझाकाराचं साल होतं. मी नऊ-दहाची. मामा मला घेऊन पळतच आला, आणि अंतरपाट धरेपर्यंत मी त्याच्या खांद्यावर झोपी गेले. जागी झाले तेव्हा लग्न झालं होतं. सासूबाईंनी, साळूबाईंनी, पाच-सहा वर्षं मला आपल्या अंथरुणाशेजारी निजवलं. लोक विचारायचे सून कशी आहे, तर म्हणायच्या, वाढून राह्यली.

३० जानेवारी

आठवडाभर घरोघर हिंडले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या, पण गंमत आली. बाया आधी लाजतात, मंग थांबत नाहीत. एकीनं तर मामाचं धोतर कसं सुटलं तेही सांगितलं.

नंदाबाईलाही विचारलं. म्हणाली, "मला काय इचारता आत्याबाई, तुम्हीच पाहायला आल्ता. चालत होते का लंगडत तेवढं बघितलं." मंग स्वतःच हसली. "पायानं आले. मामाच्याबी पुढं. भूक लागली व्हती."

आता जे दिसलं ते लिहिते. रझाकाराच्या साली ज्यांची लग्नं झाली त्या सगळ्या कडेवर. बहात्तरच्या दुष्काळात झाली त्या तेरा-चौदाच्या. घरात धान्य नाही, तेवढंच एक तोंड कमी. आणि मधल्या बऱ्या वर्षांतल्या? पायानं! सोळा-सतराच्या, अठराच्या, एक तर एकोणीसची. म्हणजे जितकं जुनं तितकं लहान, असं काहीच नाही. भीती आली की पोरी लहान. भीती गेली की पोरी मोठ्या.

ही रीत नाही. भीती आहे. तिला रीतीचं लुगडं नेसवलंय.

भावजींना हे अंगणात उभं राहून सांगितलं. विचारलं, आता रझाकार नाही, दुष्काळ नाही, तुम्हाला कशाची भीती आहे? म्हणाले, कॉलेजात गेली की पोर हातची जाते. मी म्हटलं, जाऊ द्या की, तिच्या स्वतःच्या हातात जाईल.

मंग त्यांनी शेवटचं काढलं. "माझ्या आईचं काय? माझ्या आईला मामानं कडेवर आणलं. ते साल बरं व्हतं, भीतीबिती काही न्हाई. साऱ्या गावाला म्हाईत हाय."

हे खरंच सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या प्रत्येक लग्नात ही गोष्ट निघते – साळूबाई एवढीशी होती, मामाच्या कडेवर मांडवात आली. मी स्वतः ती दहादा सांगितलीय!

१ फेब्रुवारी

वडीगोद्रीची माणसं अकरा तारखेला, रविवारी, मुलगी पाहायला येणार. निरोप आला. रजनीनं पुस्तक मिटलं आणि गोठ्यात जाऊन बसली.

२ फेब्रुवारी

हरले नाही अजून. टेंभुर्णीला दुर्गाआत्या आहेत! माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. सासूबाईंच्या लग्नात त्या करवली होत्या. त्यांच्यासारखा साक्षीदार दुसरा नाही.

भावजी म्हणाले, मीच येतो संगं. आत्याच्या तोंडून ऐका, म्हणजे तुमचं समाधान होईल.

४ फेब्रुवारी

टेंभुर्णीला गेल्तो, मी आणि भावजी. भावजी ऐटीत. आत्यासाठी डझनभर केळी घेतली, माझंही तिकीट त्यांनीच काढलं. जिंकल्यासारखेच बसले होते खिडकीशी.

दुर्गाआत्या ओसरीवर उन्हात बसलेल्या. ऐंशीच्या पुढं गेल्या, डोळे गेले, कान शाबूत. भावजींनी हाक मारली तर म्हणाल्या, कडूबा का? जाडा झालास वाटतं, आवाज पोटातून येऊन राह्यला. माझ्या तोंडावरून हात फिरवला, केळी चाचपून मोजली, एक लगेच सोलली.

भावजींनी वेळ घालवला नाही. आईला लग्नात मामानं कडेवरच आणलं ना, म्हणून विचारलं.

"आणलं की. मी तिथंच उभी व्हते."

भावजींनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. आणि आत्या हसायला लागल्या. हसू हसू केळ हातातून पडलं.

"चांगली अठराची घोडी व्हती रे ती. माझ्या भावाहून बोटभर उंच. मांडवात येईचना! माजघरात जात्याचा खुंटा धरून बसली, म्हणं मला लगीन करायचं न्हाई. चार बायांनी ओढलं, हालंना. मंग मामा आला, तालमीतला गडी. त्यानं उचलली तशी, तर खुंटाच उपसून आला तिच्या हातात. तो खुंटा घेऊनच बोहल्यावर उभी. भटजी म्हणं, बाई, हात तरी मोकळा कर."

मीही हसले, खोटं कशाला लिहू. डोळ्यांत पाणी येईतो हसले. भावजींच्या तोंडावरची माशी उठेना. त्यांनी एवढंच विचारलं, आईला का नको होतं?

आत्या हसायच्या थांबल्या. "ते कोणी इचारलं का तिला? मीबी न्हाई इचारलं."

मंग म्हणाल्या, पण मला तिनंच राखलं. मी बारा वर्षांची असताना स्थळ आलं, तर साळू सासऱ्यापुढं उभी राहिली, नवी सून असून. दुर्गा अजून लहान हाय, म्हणाली. पुढं पाच वर्षं दर स्थळाला तेच. "मी पायानं गेले माझ्या मांडवात. माझ्या मनानं. तुमच्या घरात रीत कुठली व्हती तर ती साळूची व्हती."

परतीच्या गाडीत भावजी पुढं जाऊन बसले. एकटेच.

६ फेब्रुवारी

जिंकले मी. पण घरात जिंकल्यासारखं काही नाही. भावजी दोन दिवस घराबाहेर आले नाहीत. काकासाहेब म्हणतो, आई, तुझं सगळं पटलं, पण स्थळ काकानं आणलंय, नको म्हणायचं तर त्यांच्याच तोंडून यावं. नाही आलं तर रविवारी पाहुणे बसवावेच लागतील.

मी म्हटलं, बसव. मी दारात बसते. जातं तर तू मोडीत काढलंस, मी शिलाई मशीन धरून बसेन. आणि मला उचलायला आता मामा राहिला नाही!

रजनी हसली. किती दिवसांनी.

८ फेब्रुवारी

एवढ्या बायांना विचारत हिंडले, पण एकीला विचारलं नाही. तिचं नावही त्या अंगणात काढलं नाही. प्रभावती. भावजींची थोरली लेक.

दुष्काळाचं साल. भावजी खडी फोडायच्या कामावर, घरात पाच लेकरं. सिल्लोडकडचं स्थळ आलं, त्यांच्या विहिरीला पाणी होतं. प्रभा पाचवी की सहावीत होती, हुशार. तिचा मामा आलाच नाही, रागावला होता. मांडवात भावजींनी स्वतः तिला आणलं. ती रडली नाही. बापाकडं बघत राहिली फक्त. आई होती तोवर माहेरी यायची. आई गेल्यावर आली नाही. भांडण नाही, तंटा नाही. येत नाही, बस.

सात पिढ्यांची रीत होती तेव्हा भावजींना म्हणता येत होतं की रीतीनं दिली. ती रीत मी टेंभुर्णीच्या ओसरीवर मोडून आले. आता तिथं फक्त बाप उरला.

वाईट वाटतं. या माणसानं माझं औत हाकलंय. पण मागं हटणार नाही. प्रभाच्या वेळी मागं हटणारे सगळेच होते.

१० फेब्रुवारी

सकाळीच भावजी आले. उंबऱ्यापाशीच उभे. काल वडीगोद्रीला जाऊन नको म्हणून सांगून आलो, म्हणाले. पोरीला भोकरदनला पाठवा. नंदाबाईनं चहा ठेवला, तो घेतला नाही. खिशातून पोस्टकार्ड काढलं, कोरं, घामानं ओलं झालेलं.

"वहिनी, मला लिहिता येत न्हाई. तुम्ही लिहा. प्रभा, तुझ्या लग्नात मी लोकांना पंधरा सांगत व्हतो. किती व्हतं ते तू सांग. तू सांगशील ते मी ऐकीन, मधे बोलणार न्हाई. उत्तर जल्दी धाड."