पॅकिंग लाइनवरची दोरी

देवास, गुरुवार, २८ ऑक्टोबर २००४

आज ती दोरी वर बांधली. डोक्यातून जात नाहीये.

आमच्या औषधांच्या कारखान्यात ‘लीन’ ही कामाची नवी पद्धत आली तेव्हा ठरलं होतं की गोळ्यांच्या पट्टीत खोट दिसली तर कुणीही दोरी ओढून मशीन थांबवायचं. त्या भरवशावर शेवटचं तपासणीचं टेबल काढलं. दसऱ्याला मशीनबरोबर दोरीलाही झेंडू बांधला.

आज पॅकिंगवाल्या सुनंदाताईंना पट्ट्यांवरची एक्सपायरी पुसट दिसली. त्यांनी दोरी ओढली. मॅनेजर धावत आले, “किसने खींची?” माल आजच निघायचा होता. मी पट्टी दाखवली, पुसट आहे म्हटलं. “चलेगा भिया. तुम क्वालिटीवाले हो, समझाओ इनको.” काय समजावू? मशीन सुरू झालं. मग मॅनेजरांनी फिटरला बोलावून दोरी गुंडाळून वर बांधून घेतली, वाळलेल्या झेंडूसकट.

टेबल गेलं, दोरीही गेली. मग मी तिथे कशाला आहे?

सुनंदाताईंनी एकदा वर पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा हात आता पोचत नाही.

माझा पोचतो. सुट्टी होईपर्यंत मी त्या दोरीखालीच उभा होतो.