पळसदरीचे उपाशी जीव

बेंगळुरू, बुधवार

आईला सुरभीचा पाया पडून नमस्कार.

मी बरी हाय, खोकला गेला. फोनवर सांगायला जमलं नाय म्हणून लिहितेय.

पळसदरीच्या धरणातून बाटलीत आणलेले हायड्रा आठवतात? दोऱ्याच्या तुकड्याएवढे जीव. तू हसलेलीस. त्यांना पोटभर मिळालं की अंगालाच कोंब फुटून पिलू होतं. थंडीत उपाशी ठेवलं की त्याच अंगातल्या काही पेशी अंडं व्हायला लागतात. त्या कशा बदलतात तेच मला बघायचंय, म्हणून पंधरा दिवस सगळे उपाशी ठेवलेले.

सोमवारी तू फोनवर म्हणालीस, "तुझं काम होईपर्यंत मी सोमवार धरलेत." मला घास गिळवेना. आपल्याकडं गोठ्यातलं जनावर उपाशी ठेवून कोण जेवतं गं? लॅबमध्ये गेले न सगळ्या हायड्रांना खायला घातलं.

आज बघते तर अंडी नायत, नुसते कोंब. सरांनी सगळ्यांसमोर माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रणिताला झापलं, कारण सोमवारी हायड्रा सांभाळायची ड्युटी तिची होती. ती रडली. मी गप्प बसले.

चार वाजता सरांना खरं सांगणार हाय. लॅबमधून काढलं तर काढलं. बाबांना इतक्यात बोलू नको. त्यांचा गुडघा कसा हाय?

अंडं धरताना उपाशी हायड्रा स्वतः झिजत जातो. काचेखाली मी ते रोज बघते. तुझ्या बाबतीत बघवणार नाय. सोमवार सोड, आई.

तुझीच,
सुरभी