तीन शब्दांची शिफारस

नांदेड
२ जून २०२५

चि. बुद्धप्रियास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

इकडे सर्व ठीक. कानाचं यंत्र पुन्हा दुरुस्तीला गेलं आहे, म्हणून फोन करू नकोस. तू बोलतेस आणि मी नुसता हं हं करतो, त्यापेक्षा पत्र बरं. चांगुणाआत्या परवा येऊन गेली. घरच्या भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि पिशवी आठवणीनं परत नेली.

आता कामाचं. इथल्या मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका नेमायची आहे. देणगीदार बंगळुरूचे, म्हणून शिफारसपत्रं इंग्रजीत मागवली आणि ती वाचायला समितीनं माझ्यासारखा रिटायर इंग्रजी मास्तर धरला. गठ्ठ्यात तुझी सही दिसली. तुझ्या बालवाडीतल्या केवळाबाईंसाठी तू लिहिलंस, हे पाहून बरं वाटलं. नऊ वर्षं तुझ्याकडे राबलेली बाई, सतरा नंबरचा फॉर्म भरून चाळिशीत दहावी झालेली. मी समितीला सांगून टाकलं, की हे माझ्या मुलीचं पत्र आहे, यावर मी मत देणार नाही.

पण बाळा, 'तीन शब्दांत वर्णन' या रकान्यात तू ओबिडियंट, सिंपल आणि टॉकेटिव्ह लिहिलंस. मराठीत आज्ञाधारक, साधी, बोलकी. ऐकायला तिन्ही गोड. इंग्रजीत ओबिडियंट म्हणजे सांगितलं तेवढं करणारी. साठ पोरी सांभाळणारीला रोज उठून सांगणार कोण? तिथे रिस्पॉन्सिबल हवं. सिंपल म्हटलं की वाचणारा डोकं कमी समजतो, त्याऐवजी मॉडेस्ट, म्हणजे विनयशील, म्हण. टॉकेटिव्ह म्हणजे बडबडी. फ्रेंडली लिहिलं असतंस तर तीच बाई दाराशी उभी राहून पोरींची विचारपूस करताना दिसली असती.

आपण सगळेच असं करतो. चांगुणाआत्या एकाच पत्तीचा दोनदा चहा करते. माझी बहीण म्हणून मी तिला थ्रिफ्टी, काटकसरी म्हणतो; शेजारणीनं केला असता तर स्टिंजी, कंजूस म्हणालो असतो. आनंदराज जावई व्हायच्या आधी मला स्टबर्न, हट्टी वाटायचे, आता फर्म, ठाम वाटतात. तू घाईत लिहिलं असशील. बैठक चोवीसला आहे, तोवर दुसरं पत्र धाड.

लोभ आहेच, पत्रागणिक वाढव.

तुझा
बाबा


लातूर
७ जून २०२५

ती. बाबांस सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. 'फर्म' ऐकून आनंदराज खूश आहेत, म्हणून 'स्टबर्न' मी वाचून दाखवलंच नाही.

बाबा, मी घाईत लिहिलं नाही. हे शब्द मी तुमच्याकडूनच शिकले आहे. आधी रिस्पॉन्सिबलच लिहिलं होतं. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

सोळा तारखेला शाळा उघडते. बेचाळीस लेकरं, त्यातली पंधरा नवी, पहिला आठवडा नुसता रडण्याचा. दोन मावश्या उन्हाळ्यात काम सोडून गेल्या. आता केवळामावशीही गेल्या तर मी शाळा चालवू कशी? पालक फाटकाशी येऊन मला विचारत नाहीत, मावशी आहेत का म्हणून विचारतात. खरं सांगते, त्याचाही थोडा राग मनात होता. मी त्यांच्याबद्दल खोटं काही लिहिलं नाही. फक्त ते वाचून त्यांना कुणी नेमणार नाही, एवढं मला ठाऊक होतं.

मावशींनी ते तीन शब्द माझ्याकडून दहादा म्हणून घेऊन पाठ केले. रेणापूरला भावाकडे गेल्या तेव्हा तिथेही सांगून आल्या, की मॅडमनी आपल्याबद्दल इंग्रजीत असं असं लिहिलंय. तेव्हापासून त्या समोर आल्या की मी रजिस्टर उघडून बसते. तरी हात जोडून विनंती, मला पत्र बदलायला सांगू नका. एवढं एक वर्ष जाऊ द्या.

रागावलात तरी लोभ असू द्यावा.

तुमची
बुद्धप्रिया


नांदेड
१२ जून २०२५

चि. बुद्धप्रियास आशीर्वाद.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, तुझ्या आईलाही नाही. लोहा तालुक्यातल्या शाळेत होतो तेव्हा माझ्या गोपनीय अहवालात मुख्याध्यापक दरसाल एकच शब्द लिहीत. ओबिडियंट. अकरा वर्षं. निवृत्तीच्या वेळी जुनी फाइल हाती आली, तेव्हा मला ते दिसलं. वेळापत्रक, परीक्षा, बोर्डाचा पत्रव्यवहार, सगळं मी ओढायचो, आणि बढतीच्या यादीत माझं नाव कधी वर सरकलं नाही. इंग्रजी येत होतं म्हणून जरा जास्तच लागलं.

माणूस दुष्ट नव्हता. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर त्याच्या घरून डबा यायचा. मी गेलो तर काम कोण करणार, एवढीच त्याची अडचण होती. तुझं पत्र वाचताना मला त्याचंच अक्षर दिसायला लागलं. पोटच्या पोरीला हे लिहायला फार जड जातं आहे.

पत्र बदल असं मी म्हणणार नाही. समितीतही तोंड उघडणार नाही. पण केवळाबाई ते शब्द मिरवत फिरताहेत, तर त्यांना अर्थ तरी सांग.

तब्येत सांभाळ.

बाबा


लातूर
२२ जून २०२५

ती. बाबांस सप्रेम जयभीम.

हे पत्र केवळामावशींच्याच हाती देते आहे. उद्या सकाळच्या गाडीनं त्या नांदेडला येतील. सोबत नवं शिफारसपत्र आहे.

शुक्रवारी लेकरं गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. तिन्ही शब्दांचे अर्थ सांगितले आणि ते मुद्दाम लिहिले हेही सांगितलं. त्या पेले धूत होत्या, हात थांबले नाहीत. मला वाटलं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटचा पेला पालथा घालून म्हणाल्या, की मॅडम, मी जाऊ नये असं तुमच्या मनात हाय, तर ते तोंडानं म्हणायचं होतं. मला बी लेकरं सोडून जावं वाटत नव्हतं. म्हणला असता तर ऱ्हायले असते.

मी तिथल्या तिथे म्हणाले, की मग आता म्हणते, राहा. त्यांनी पदराला हात पुसले आणि न्हाई म्हणाल्या. मला रडू आवरलं नाही, त्यांनीच पाणी दिलं.

नवं पत्र त्यांच्यासमोर लिहिलं. प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी मराठीत सांगितला आणि त्यांनी 'व्हय' म्हटल्यावरच कागदावर उतरवला. रिस्पॉन्सिबल झाला, पेशंट म्हणजे धीराची, तोही झाला. तिसरा मी लॉयल सुचवला, म्हणजे एकनिष्ठ, धरलेलं न सोडणारी. त्यावर त्या म्हणाल्या, की त्यो नगं, त्यो पुन्हा तुमच्याच सोयीचा हाय. म्हणून तिसरी ओळ कोरी ठेवली आहे.

मावशींना चहा ताज्या पत्तीचा द्या. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल. उरला आहे तेवढा राहू द्यावा.

तुमची
बुद्धप्रिया