आखूड कान

बिरोबाचीवाडी, ता. आटपाडी
१४ नोव्हेंबर २०२५

ज्ञानूदादा,

कोकरू मांडीत दाबून धरलं होतं, चाकू कानाला लावला होता, तेवढ्यात तुझा फोन आला. कोकरू सुटलं आणि आईच्या पोटाखाली जाऊन लपलं. म्हणून नीट बोलले नाही. "बघू" एवढंच म्हणाले. राग धरू नकोस.

इकडे सगळं ठीक. वहिनीचा गुडघा कसा आहे? समीक्षाला सांग, तिनं पाठवलेले रंग माझ्या अंगणवाडीच्या सगळ्या पोरांना पुरले.

पुढच्या रविवारी व्यापारी घेऊन येतोस, सगळी मेंढरं एकदम देऊन टाकायची, असं म्हणालास. शिरवळची कंपनी सोडून तुला इथं येता येणार नाही, हे कळतं. एकट्या बाईनं कळप किती दिवस सांभाळायचा, असंही म्हणालास. नऊ वर्षं सांभाळते आहे, हे तेव्हा सुचलं नाही.

काल पलूसहून नियाजचाही फोन होता. त्याच्या आजोबांना आबांनी शब्द दिला होता. तेव्हापासून दर साली दिवाळी झाली की आपली मेंढरं त्यांच्या रानात खतासाठी बसली. एक साल चुकलं नाही. पुराच्या साली तर आबा मेंढरं घरी ठेवून आधीच गेले आणि नियाजच्या आईच्या, हुसेनबीच्या घरातला गाळ आठ दिवस उपसून आले. नियाज म्हणाला, "ताई, रान मोकळं ठिवू का?" त्यालाही मी "बघू" म्हणाले.

आता सांगायचं ते सांगते.

आबांच्या तेराव्याला तू वाघरीच्या जाळीपाशी उभा होतास. आत मेंढरं होती. विचारलंस, "ह्यातली माजी कुठली गं?"

मी म्हणाले, "तुजी कवाच मेली."

मेली नाहीत. तू दहा वर्षांचा असताना आबांनी तुला कळपातली एक कोवळी पाट दिली होती. "मेंढरामागं फिरून तुमाला काय मिळालं?" असं त्यांना म्हणून तू घर सोडलंस, तरी त्या मेंढीचा वंश त्यांनी वेगळा ठेवला. आपल्या मेंढरांना उजव्या कानावर काप, तुझ्या मेंढरांना डाव्या कानाच्या टोकाला चीर, वर हळद. अकरा वर्षं. एक कोकरू इकडचं तिकडं झालं नाही.

कळपात माझ्या खुणेची मेंढी नव्हती. लेकीची खूण नसते. हे कुणी सांगत नाही, सांगावं लागत नाही. सासर सोडून आले त्या दिवशी आबांनी मला काही विचारलं नाही. हातात काठी दिली आणि म्हणाले, "मेंढरं खालच्या अंगाला वळीव."

दोन वर्षांमागं सांगलीला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. उशीर झाला होता, नजर आली नाही. तूही आला नाहीस. घरी परतल्यावर मी तुझ्या तिन्ही मेंढ्यांच्या कानांची टोकं छाटली. चीर गेली. मेंढी चोरणारे हेच करतात, तुला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

डोळे गेल्यापासून आबा संध्याकाळी वाघरीच्या तोंडाशी बसत आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढीचे कान चाचपत. त्या दिवशी त्यांचा हात थांबला.

"हिचा कान आकूड कसा?"

"कुत्र्यानं तोडला, आबा."

दुसरी आली. मग तिसरी.

"तिन्हींचा डावाच कान धरला? लय शाणं कुत्रं हाय."

आबांनी कापाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आन चावतंय बी रेघंत."

शिवी दिली नाही. सगळी मेंढरं आत गेल्यावर जाळी लावली, गाठ मारली आणि म्हणाले, "मागायचं हुतं गं, मंगल."

दुसऱ्या दिवसापासून ते कान हाताला लागले की म्हणायचे, "ही ज्ञानूची. आकूड कान. वळखाय सोपी झाली." शेवटच्या आठवड्यापर्यंत.

आणि दादा, आज मांडीत होतं ते तुझ्याच मेंढीचं कोकरू होतं. चाकू उजव्या कानाला होता.

म्हणून आता मागते. कळप विकू नकोस. मला दे. तुझ्या तीन मेंढ्या आणि त्यांची कोकरं तुझी, ती मी तुझी म्हणूनच सांभाळीन. बाकीची मला हवीत. मी ती पलूसला नेईन. हक्क सांगायचा तर कचेरीत जाता येतं, पण मेंढराची नोंद कानावरच असते, आणि त्या नोंदीचं मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

नाही म्हणालास तर रविवारी मी स्वतः वाघर सोडीन. व्यापाऱ्यासमोर एक शब्द बोलणार नाही.

आधी चोरून मग मागणारी,
तुझी बहीण
मंगल

ता. क. पत्र काल पाकिटात घातलं नाही. आज सकाळी कोकरं धरली. आखूड कानाच्या मेंढ्यांची दोन होती. त्यांच्या डाव्या कानाच्या टोकाला चीर दिली, हळद लावली. बाकीच्यांचे कान मोकळे ठेवलेत.