उत्तरदाती क्रमांक १७

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

कीबोर्ड आपटला आज. दोन बटणं उडाली, त्यातलं एक ग्रंथपाल मॅडमच्या पायाशी जाऊन पडलं. बरं झालं!

कुलगुरूंनी भर मीटिंगमध्ये मोबाइल वर धरला. "आपल्या विद्यापीठाचा एक प्रबंध गूगलवर सापडतोय का बघा. एक!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जसा काही मीच गिळून बसलोय. पाच वर्षं एकेक पान स्कॅनरवर ठेवून कंबर मोडली, दोन हजार तीनशे प्रबंध चढवले, आणि ऐकायचं काय? "गजानन, हे दिसत का नाही?"

दिसणार कसं! फाइलचं नाव 'स्कॅन ४७'. आत नुसते पानांचे फोटो. शवागारात बिल्ला नसलेली प्रेतं पडावीत तसे पडलेत. हे मी तीन वर्षांपूर्वी लेखी कळवलं होतं. तो कागद मॅडमच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होता!

एप्रिलमध्ये मूल्यांकन समिती येतेय. तोवर सगळं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर – मी कंत्राटी आहे, ही आठवण मॅडमनी गोड आवाजात करून दिली. गळा धरावासा वाटला.

९ फेब्रुवारी, रविवार

रविवारीही कामावर. प्रत्येक फाइलला धड नाव द्यायचं, गोषवारा टाकायचा, गावांची, माणसांची नावं शोधशब्द म्हणून भरायची. मग पानं मशीनला वाचता येतील अशी करायची, म्हणजे आतला प्रत्येक शब्द गूगलला सापडतो. काम किचकट आहे पण मला येतं. मलाच येतं!

पहिला प्रबंध कोणाचा घेतला? ज्योत्स्नाताईचा. सन २००९. 'बांधावरील वाद आणि हिंसा : मंठा तालुक्यातील कुटुंबांचा अभ्यास'. ताई मला तीन वर्षं सीनियर. तिच्या सर्व्हेसाठी मी उन्हातान्हात राबलोय. ऋणनिर्देशात माझं नाव छापलंय – 'चि. गजानन याच्या मदतीशिवाय हे क्षेत्रकार्य पूर्ण झाले नसते.' मागे परिशिष्टात उत्तरदात्यांची, म्हणजे मुलाखत दिलेल्यांची यादी, नाव, वय, गाव सगळं. त्या वेळी यादी नसली तर मार्गदर्शक म्हणायचे, तू गावात गेलाच नाहीस. यादीसकट सगळं शोधात घातलं.

२४ फेब्रुवारी

गूगलवर माझं नाव टाकलं. मी आलो! घरी बायकोला, शरयूला दाखवलं. म्हणाली, "अगं बाई! भाजी आणलीत का?"

१२ मार्च, बुधवार

ताईचा प्रबंध दोनशे बारा वेळा डाउनलोड झाला. बाकीच्यांचे तीन, पाच, शून्य. सगळ्यात जास्त कुठून तर मंठ्याकडून. मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. हसू येत होतं, दाबलं. कपाटात कुजलेलं आपल्याच माणसांनी वाचायला घेतलं, याहून काय पाहिजे?

१८ मार्च, मंगळवार

दुपारी एक पोरगा आला. पंचविशीतला, एमआयडीसीत रोलिंग मिलला आहे. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग. नाव कल्याण, गाव उंबरदरा, मंठ्याच्या पुढे. खिशातून घडी केलेला कागद काढला. ताईच्या प्रबंधाचं पान १४३.

"साहेब, हे तुमच्या इथूनच निघालं ना? मोबाइलमदी माह्या बापाचं नाव टाकलं, तं हे आलं."

मग त्याने वाचून दाखवलं. आवाज अजिबात हलला नाही. 'रामप्रसादला सर्जेरावनेच मारले. बांधावरून भांडण झाले. मी तुरीत उभी होते. कुऱ्हाडीचे दोन घाव घातले, दुसरा मानेवर. भीतीने कोणाला सांगितले नाही. – उत्तरदाती क्र. १७.' यादीत सतरा नंबरला द्वारकाबाई. यांच्या शेजारचं शेत तिचं.

बाप मेला तेव्हा हा आठ वर्षांचा. सर्जेरावला धरलं होतं, पण पाहणारा कोणी मिळाला नाही म्हणून सुटला. गेली अठरा वर्षं रोज याच्या दारावरून ट्रॅक्टर नेतो म्हणे.

"हे खरं हाय ना, साहेब?"

मी म्हणालो, "यावर विद्यापीठाने पदवी दिलीय. खोटं कसं असेल?" आणि मनात म्हणालो, खोटं बोलणारी बाई तूर कशाला सांगेल? पाहिलंय म्हणून तर तूर आठवली!

"मंग शिक्का मारून द्या. बराबर दिसला पाह्यजे."

मारला. गोल शिक्का, खाली सही, तारीख. पोरगा पाया पडला. माझेच डोळे भरून आले. या नोकरीत पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडलो.

२२ मार्च, शनिवार

कल्याणने तो कागद गावात चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचला. संध्याकाळपर्यंत फोटो प्रत्येक मोबाइलवर. काल सर्जेरावची दोन्ही पोरं द्वारकाबाईच्या घरात घुसली. केस धरून अंगणात ओढलं. मुसळाने हात मोडला, पुढचे दात पाडले. पासष्टीची बाई! "कुठं कुठं बोललीस सांग," म्हणत मारत होते. लोक पाहत होते.

हरामखोर! त्या दोघांना त्याच मुसळाने –

लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

२४ मार्च, सोमवार

दवाखान्यात गेलो. तोंड सुजून डोळे बुजलेले. सून चमच्याने पाणी पाजत होती. मी ओळख दिली, विद्यापीठातून आलोय म्हणालो. बाईने मोडका हात छातीशी ओढला.

"मला कोणीबी पुसलं न्हाई, बाबा. म्या कोणालाच काई बोलले न्हाई. त्या दिशी तं म्या माहेरी गेल्ते."

"मावशी, तुमचं नाव छापलंय."

"छापलं आसंल. म्या न्हाई बोलले." मग सुनेचा चमचा बाजूला सारून, "आन् वैशाखात मारला त्याला. उन्हाळ्यात तूर कुठून आली रं शेतात?"

घाबरली आहे, दुसरं काय. तेव्हा बोलली आणि आता मार खाऊन फिरली. राग आला मला, खरं सांगतो. एवढी हिंमत केली होती, ती अशी मातीत घालायची? सून माझ्याकडे बघत राहिली. मी केळी ठेवून निघालो.

२५ मार्च, मंगळवार

मॅडमशी कडाक्याचं भांडण. त्यांचं एकच, "काढून टाक ते. निदान यादी तरी काढ. बाई मरेल उद्या." मी म्हणालो, समिती चार एप्रिलला येतेय, सगळ्यात जास्त वाचलेला प्रबंध काढून त्यांना दाखवू काय? आणि तो पुरावा आहे, पुरावा! एवढी वर्षं कपाटात कोंडून ठेवला होता, मी बाहेर काढला. टेबलावर मूठ आपटली तर काच तडकली.

"गजानन, तुला नक्की कोणाची काळजी आहे?"

मी खोलीबाहेर पडलो. प्रबंध काढला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सर्जेराव मेला.

कल्याणने सकाळी त्याच बांधावर गाठला. कुऱ्हाडीचे दोन घाव, दुसरा मानेवर. मोजून दोन! पान १४३ वर आहेत तेवढेच. सर्जेराव हात जोडत होता म्हणतात. जालन्याला आणेपर्यंत रस्त्यातच संपला. कल्याण तसाच रक्ताच्या कपड्यांनी मंठ्याला चालत गेला आणि ठाण्यात बसून राहिला. खिशात कागद.

दुपारी पोलिसांचा फोन. "हा शिक्का तुमचा का?"

"हो."

"सही?"

"माझीच."

प्रबंध काढला मग. तीन वेळा चुकीचं बटण दाबलं. काढून काय उपयोग? गूगलवर जुनी प्रत अजून दिसतेय, आणि पानाचा फोटो अख्ख्या तालुक्यात फिरतोय. दिसावं म्हणून जेवढं करता येतं तेवढं सगळं मी केलं होतं. स्क्रीनवर बुक्की मारली. मनगटाला चार टाके.

३१ मार्च, सोमवार

जेवण जात नाही. शरयू ताट पुढे करते, मी बघत बसतो. डोळ्यांपुढे ते भाजलेले हात.

एकच आधार आहे. लिहिलेलं खरं होतं. सर्जेराव खुनी होता, मी फक्त दिसेल असं केलं. शरयूला हे चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा ती ओरडली, "मला कशाला सांगताय? मी काही विचारलंय का?"

२ एप्रिल, बुधवार

पोलिसांना मूळ भरलेले फॉर्म पाहिजेत. बरोबरच आहे. फॉर्म दिसले की द्वारकाबाई खोटी पडेल, प्रबंध खरा ठरेल. ज्योत्स्नाताई आता दुसऱ्या जिल्ह्यात प्राध्यापक आहे. दिवसभर फोन लावला, उचलत नाही. उद्या पुन्हा लावतो.

३ एप्रिल, गुरुवार

ताईने उचलला. आधी नुसती रडत होती. मग म्हणाली, "गजा, विसरलास तू? उंबरदऱ्याला आपण गेलोच नव्हतो. दोन गावं करून दमलो होतो, सबमिशनला आठ दिवस होते. तूच म्हणालास, ताई, मतदारयादी आणतो, उरलेले फॉर्म मी भरतो. गठ्ठा आहे माझ्याकडे. सतरा नंबर तुझ्या अक्षरात आहे."

आठवलं. होस्टेलची खोली, पंखा बंद. रद्दीतल्या जुन्या पेपरात उंबरदऱ्याच्या खुनाची बातमी होती, संशयित म्हणून सर्जेरावचं नाव होतं. ते घेतलं. पाहणारं कोणी तरी हवं होतं, म्हणून मतदारयादीवर बोट ठेवलं. द्वारकाबाई.

तूर मी घातली. खरं वाटावं म्हणून.