लेथचा बेड आणि माझा अंगठा

३ जानेवारी
सासऱ्यांच्या कारखान्यातला जुना लेथ आजपासून माझ्याकडे. जॉब, म्हणजे त्यावर कातलेला दांडा, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. मला पाच मिनिटांत कळलं, बेड झिजलाय. हत्यार धरणारं कॅरेज बेडच्या ज्या पट्ट्यांवर सरकतं, त्या पट्ट्या स्क्रेपरने खरवडून सपाट केल्या की झालं. पंधरा दिवस, फार तर. सासरे म्हणाले, निवृत्त फिटरकाकांना विचारू या. म्हटलं, कशाला.

४ जानेवारी
फिटरकाका न बोलावता हजर. आधी लेव्हल लावा, मशीन नीट बसलंय का बघा, मग डायलने झीज मोजा, म्हणाले. चाळीस वर्षं झाली, माणूस अजून मोजतोच आहे. मी पट्टीवरून अंगठा फिरवला. पुरे.

९ जानेवारी
खरवडायला सुरुवात. खांदा भरून आला. लोखंड हलक्या प्रतीचं.

१५ जानेवारी, दुपार
निळा रंग लावून सरळपट्टी फिरवली. ठिपके सगळीकडे उमटायला हवेत. उमटले दोन, दोन टोकांना. रंग भिकार. दुसरी बाटली मागवली.

१९ जानेवारी
दुसरी बाटलीही भिकार. बायको डबा घेऊन आली होती. तिने विचारलं, मधे खड्डा तर नाही पडला? शिक्षण बी.ए., इतिहास. मी नुसता हसलो.

२४ जानेवारी
जॉब काढला. दोन्ही टोकं बारीक, मधे पोट सुटलेलं. सासरे तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघत होते. कळायला कुवत लागते.

२५ जानेवारी
फिटरकाकांनी लेव्हल ठेवली. मशीनचा एक पाय सैल निघाला, म्हणून बेड पिळला होता. झीज केसभर होती, म्हणाले, आता मात्र भरपूर आहे. बेड ग्राइंडिंगला जाणार. दोन महिने लेथ बंद. सासऱ्यांनी हा लेथ उमेदीच्या काळात स्वतःच्या हातांनी बसवला होता, असं बायको म्हणाली. आधी का नाही सांगितलंस, विचारलं. सांगितलं होतं म्हणे.

२ फेब्रुवारी
बेड ट्रकवर चढला. सासरे फाटकापर्यंत ट्रकमागे चालत गेले. फिटरकाकांनी मला वीतभर बिडाचा तुकडा दिला. हा सपाट करून दाखवा, मगच मशीनला हात लावा. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून घेतला.

१० फेब्रुवारी
आठ दिवस खपून तुकडा दाखवायला नेला. फिटरकाकांनी तो उजेडात धरला, उलटा केला आणि कोरी बाजू वर ठेवून परत दिला. खालच्या बाजूचं आता काही होणार नाही, म्हणाले.