तेरवीनंतरचा दिवा

११ नोव्हेंबर २०१३, कुडवा
तेरवी झाली. पाहुणे गेले. सुमनचा पलंग होता तिथं दिवा जळतोय. ताई गावी निघता निघता तो उचलायला वाकली. मी मध्ये उभा राहिलो.
"काऊन रे? तेरवी झाली. आता कायले ठेवून राह्यला? बायकोले जाऊ देशीन का नाही?"
"राहू दे."
"लोक काय म्हणतीन?"
"म्हणू दे."
माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. मोठ्या बहिणीला मी याआधी कधी नाही म्हटलं असेल, आठवत नाही. यंदा आमच्याकडं दिवाळी नव्हती. गल्लीतल्या पणत्या आता माळ्यावर गेल्या. आमची एकच, ती चालू.

१४ नोव्हें.
पणती लहान आहे. सारखं तेल घालावं लागतं. डोळा लागला की दचकून उठतो, दिवा बघतो, मग झोप येत नाही. ऑफिसात साहेब म्हणाले, रजा वाढवा. नको म्हटलं. घरी बसून भिंती मोजू का? सुमनला ताप आला तेव्हा रजा मागायला हवी होती. तेव्हा

१७ नोव्हें.
बोदलकशाला गेलो होतो, तलावाची पातळी बघायला. बांधावर मोटरसायकल चालवता चालवताच डोळा लागला. गाडी उतारावरून खाली. बेशरमाच्या झुडपांत अडकलो, नाहीतर सरळ पाण्यात. एक जण जाळं आवरत होता, तो ओरडला, "ओ बाबू! मासे पकडाले आले का मराले?" दोघांनी मिळून गाडी वर ओढली. आरसा फुटला, गुडघा सोलला. त्यानं विडी दिली. मी ओढत नाही. आज ओढली.

१८ नोव्हें.
कोणीतरी प्रशांतला कळवलंच. नागपूरहून सकाळच्या गाडीनं आला आणि मला डॉक्टरकडं घेऊन गेला. मुलगा पुढे, बाप मागे. डॉ. नी मेलाटोनिन लिहून दिलं. म्हणाले, "ही गुंगीची गोळी नाही. रात्र झाली, एवढंच शरीराला सांगते. घेतल्यावर टीव्ही नको, मोबाइल नको. खोलीत उजेड नको." उजेड म्हटल्यावर प्र. माझ्याकडं बघायला लागला, मी चिठ्ठीकडं. औषधवाला म्हणाला, "नशेवाली नहीं है भाईसाब, बेफिकर लो."
रात्र झाली हे मला गोळीनं सांगायला नको. पण प्र. समोर बसून होता. घेतली. दिवा मात्र काढू दिला नाही.

१९ नोव्हें.
उन्हं तोंडावर आल्यावर जाग. डोकं जड, तोंड कोरडं. स्वप्नं भरपूर पडली, सिनेमासारखी रंगीत. साहेब आले, शाळेतले मास्तर आले, कोणाच्या तरी वरातीतला बँड आला. ती आली नाही.
दिवा विझलेला. वात काळी.
पुन्हा लावला. पहिली काडी मोडली. प्र. दुपारी नागपूरला गेला. ताईला फोनवर सांगून बसलो, सांगायला नको होतं.
"आपोआप विझला ना? मंग गेली ते. आता नोको लावू."
"तेल संपलं म्हणून विझला. मी लावला परत."
फोन कोणी आधी ठेवला कळलं नाही.

२० नोव्हें.
गोळ्या कपाटावर फेकल्या. ज्या झोपेत दिवा जातो ती झोप मला नको. डॉ. ला, ताईला, सगळ्यांना तो दिवा काढायचाय. एकाला माझ्यासाठी, दुसरीला सुमनसाठी. मला कोणी विचारलं?

२३ नोव्हें.
आज हजेरीत उद्याच्या तारखेवर सही केली. प्र. चा फोन. "बाबा, आई गेली. आता तुम्ही पण जाणार का?" उद्या येतो म्हणाला.

२४ नोव्हें.
प्र. काळा टेप घेऊन आला. "दिवा राहू द्या बाबा. बाकीचा उजेड तरी झाकू." इन्व्हर्टरचा लाल ठिपका झाकायला वाकला आणि थांबला. त्यावर आधीच टिकली. सुमनची, मरून रंगाची. मच्छरच्या मशीनवर पाहिलं, टिकली. टीव्हीच्या बटणाशेजारी, टिकली.
तिला कणभर उजेडात झोप यायची नाही. मी पलंगावर पेपर वाचायचो. "बंद करा ना तो लाईट, डोळ्यात खुपते." मी म्हणायचो, दोनच मिनिटं. लग्नापासून हेच भांडण.
प्र. टेप हातात घेऊन उभा होता. "आईनं तर आधीच..." म्हणाला आणि अंगणात जाऊन बसला.

२५ नोव्हें.
दिवसभर तेच डोक्यात. जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून दिवा ठेवतात. हिला तर अंधारच पाहिजे असायचा. आणि मी तिच्या उशाशी इतके दिवस उजेड करून बसलोय, तेल घालघालून. वर तिच्यासाठी म्हणून सगळ्यांशी भांडलो. ऑफिसात एकटाच हसलो. शिपायानं पाहिलं. पाहू दे.
पण काढणार नाही. काढला तर

२७ नोव्हें.
ताई आली, नवे तांदूळ घेऊन. दिवा जागेवर दिसला नाही तेव्हा तिचा चेहरा खुलला. मग स्वयंपाकघरात गेली.
"अगा माय! मेलेल्या मानसाचा दिवा ओट्यावर ठेवते का कोनी?"
"मी ठेवतो."
"भटजीले इचारलं?"
"नाही. तिला खोलीत उजेड चालत नव्हता."
टिकल्या दाखवल्या. ताई बराच वेळ इन्व्हर्टरपाशी बसून राहिली. मग उठून मलाच ओरडली, "एवढुशा पनतीत तेल टिकते का रे? काशाची वाटी काढ." वाटी काढली. तिनं मांडीवर कापूस वळून जाड वात केली. तोंड चालूच. "मी हे मानत नाही, समजलं ना? तुह्या झोपेपायी करून राह्यली."
"बरं."
"बरं काय बरं! उद्या त्या तलावात पडला तर दोन दिवे लावू का मी?"

२८ नोव्हें.
ताई दुपारी गेली. जाताना दिव्याकडं पाहिलं नाही, मात्र तेलाचा डबा ओट्याजवळ सरकवून गेली.
स्वयंपाकघराचं दार लोटलं की खोलीत काही दिसत नाही. टीव्हीवरच्या टिकलीचा काठ सुटत होता, अंगठ्यानं दाबून बसवला. वाटी काठोकाठ भरली. कपाटावरून गोळ्या काढल्या, एक घेतली. प्र. ला कळवणार नाही, लगेच विजय झाल्यासारखा बोलायला लागेल. उद्या डोकं जड असलं तर परत वर फेकीन. कोणाच्या सांगण्यावरून घेतली नाही.
एवढं तेल सकाळपर्यंत पुरेल का, माहीत नाही. काडेपेटी वाटीजवळच ठेवलीय.
दोन मिनिटं झाली. लाईट बंद करतो.